पुढची हिरवी, मागची पांढरी

५ जानेवारी

घाण. दुसरा शब्द सुचत नाही.

आज मागची सीट काढून खालचं कार्पेट उचललं, तर हातात तुकडेच आले — ओले, काळे, केसाळ. त्याखाली उंदराचं घरटं. घरट्यात वाळून खडखडीत झालेला एक उंदीर, शेपटीसकट! वासाने डोकं उठलं. बाहेर मोकळ्या हवेत जाऊन उभा राहिलो, उलटी होईल म्हणून. झाली नाही, एवढंच.

भाऊजी गाडी आणताना म्हणाले होते, एकाच हातात राहिलेली आहे, म्हाताऱ्याने पोटच्या पोरीसारखी जपलीय. त्या म्हाताऱ्याला खरी पोरगी नसावी, अशी आशा.

बायकोने मला अंगणातच अडवलं. कपडे तिथेच उतरवायचे आणि लाल बादलीत टाकायचे, घरातल्या मशीनला त्यांचा वाराही लागता कामा नये. लग्नाच्या नवऱ्याला भर दुपारी अंगणात उघडा केला. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

१२ जानेवारी

दिवसभर जोड कार्बोरेटर खोलून साफ केले. आत जुन्या पेट्रोलचा डिंक झालाय — तपकिरी, चिकट, सडक्या फळासारखा वास. आठवडाभर कारखान्यात बिस्किटांची मशिनं दुरुस्त करायची आणि सुटीच्या दिवशी हे. तक्रार कुणाकडे करणार? मलाच हवी होती. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. शाळेत बाकावर कर्कटकाने हीच गाडी कोरली होती आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

ठरलंय ते असं. गाडी भाऊजींनी आणायची, मेहनत माझी, आणि गाडी दोघांची, अर्धी अर्धी. जुन्या गाड्या घेणं-विकणं हा त्यांचा धंदाच. माझ्या शेडमध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे, नव्या घट्ट स्प्रिंगा, सांध्यांतले नवे रबरी बुश, इंजिनाला जरा जोर. मग थोडे दिवस आपण फिरवायची. मग बघू.

"मग बघू" हे भाऊजींचं.

१३ जानेवारी

नखांतलं काळं जात नाही. बायको म्हणाली, चमच्याने जेव.

१९ जानेवारी

भाऊजी आले. पायात पांढरे बूट, त्यामुळे शेडच्या उंबऱ्याबाहेरच उभे. मी गाडीखाली उताणा. तोंडावर गंजाचा भुगा पडतोय, जुन्या ब्रेकचं तेल बाहीतून काखेपर्यंत पोचलंय, आणि हे फोनवर कुणाला तरी सांगतायत की स्वतः जातीने लक्ष घालतोय, एकेक नट नजरेखालून जातोय. मग माझा पाना हातात घेऊन फोटो काढून घेतला. काढला कुणी? मीच. पाना उलटा धरला होता. सांगितलं नाही.

जाताना बोटाला लागलेलं ग्रीस माझ्या खांद्याला पुसलं. अगदी सहज, मी म्हणजे फडकं असल्यासारखं.

ताई नवऱ्याबरोबर आली नव्हती. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिने. माझे डबे, माझे ताप, माझ्या परीक्षा. ती बरी आहे ना, म्हणून विचारलं, तर म्हणाले, तिला काय धाड भरलीय!

२५ जानेवारी

इंजिन लागलं!

आधी खोकलं, मग काळा धूर ओकलं, आणि मग असा काही आवाज धरला — खोल, गोल, पोटातून आलेला. शेडचे पत्रे थरथरले. बायको ओल्या हातांनी बाहेर आली आणि कितीतरी दिवसांनी हसली. तोंड बघ जा आरशात, म्हणाली. दात तेवढे पांढरे दिसत होते.

आजच्या दिवसापुरतं सगळं माफ.

१ फेब्रुवारी

माफ वगैरे काही नाही.

डिस्क ब्रेक बसवून झाले. चाकं सरळ आहेत का ते बघायला टेप लावली, तर डाव्या बाजूला पुढच्या नि मागच्या चाकातलं अंतर कमी भरतंय, उजव्या बाजूला जास्त. दोन बोटांचा फरक! पुन्हा मोजलं, तेच. स्प्रिंगा नव्या, बुश नवे, मग भानगड काय? टेपचं दुसरं टोक धरायला बायकोला बोलावलं. ती दोन पावलं मागे सरकून बघत राहिली आणि म्हणाली, टेपला कशाला दोष देतोस, गाडीच वाकडी आहे.

२ फेब्रुवारी

सापडलं.

मागचं कार्पेट कुजलेलं आणि पुढचं मात्र नवं कोरं, गोंदाने पक्कं चिकटवलेलं — शंका तेव्हाच यायला हवी होती. आज ते ओरबाडून काढलं. खाली डांबराचा जाड थर. त्याखाली पुट्टी, ढेपा ढेपा. वायर ब्रश फिरवत गेलो, तर वेल्डिंगची एक रेघ. पुढच्या सीटांच्या खालून, डाव्या दारापासून उजव्या दारापर्यंत, सलग. तिथून दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्यांमधून वर, आणि वर छताच्या खांबांनाही तीच. वेल्डिंग म्हणायचं ते नावाला. नुसत्या गाठी. मध्ये मध्ये तर काहीच नाही, चिंध्यांचे बोळे कोंबून वर पुट्टी थापलेली.

रेघेच्या पुढे पत्र्याचा मूळ रंग हिरवा. मागे पांढरा.

दोन गाड्या आहेत या! एक मागून ठोकलेली असणार, दुसरी पुढून. दोघींची धडं अर्धी कापली, एकमेकांना चिकटवली आणि वरून लाल रंग फासला. जोरात कुठे धडकली तर बरोबर मधून उघडेल. आणि तो जोड आहे चालवणाऱ्याच्या बुडाखाली.

हिला मी नवे ब्रेक लावत होतो. मढ्याला पावडर!

तो उंदीर परवडला.

४ फेब्रुवारी

दोन दिवस हेच धरून चाललो होतो की भाऊजींना कुणीतरी गंडवलं. त्यांना कसं सांगावं, किती लागेल त्यांना, याचीच जुळवाजुळव.

आज कामावरून येऊन उरलेलं डांबर खरवडायला बसलो, तर नख आत रुतलं. मऊ. मागच्या बाजूचं जुनं डांबर दगडासारखं झालंय, आणि हे आतून अजून ओलं, ताज्या वासाचं. म्हणजे म्हाताऱ्याचा काही संबंध नाही. म्हातारा तरी खरा होता की नाही, कुणास ठाऊक! गाडी माझ्याकडे यायच्या जरा आधीच हे काम झालंय. आणि तेव्हा ती भाऊजींकडे होती.

९ फेब्रुवारी

भाऊजींना बोलावून रेघ दाखवली. ते वाकलेसुद्धा नाहीत.

"एवढं खोल खणायला तुला सांगितलं कुणी?"

बस्स. चेहरा उतरला नाही, आवाज चढला नाही. उलट मलाच समजावत बसले. सगळेच करतात. गाडी काय रोज धडकते का? हौसेची गाडी, लोक सुटीच्या दिवशी पुसून-बिसून फिरवतात आणि झाकून ठेवतात. तू जोडावर पत्र्याची पट्टी मार, डांबर मार, रंग मार, गिऱ्हाईक मी बघून ठेवलंय. मी म्हटलं, माझ्या हातून हे होणार नाही. तेव्हा हसले. खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाहेर माझं डोकं फिरलं की घरी तुझ्या ताईला त्रास होतो. तूच ठरव."

ते गेले तरी खांद्यावर हात आहेच. दोनदा आंघोळ केली.

१० फेब्रुवारी

ताईचा फोन. शेजारी कुणीतरी बसून ऐकत असलं की माणूस बोलतं, तसा आवाज. एवढं काम होऊ दे, म्हणाली. ते सांगतात तसं कर. मी काही विचारायच्या आत — तू बरा आहेस ना, वेळेवर जेवतोस ना — आणि ठेवला.

एका पत्र्यासाठी मी तिचा संसार मोडू?

१२ फेब्रुवारी

पट्टी मारली.

१५ फेब्रुवारी

पुट्टी घासली, डांबर मारलं, रंगही झाला. इतकं सफाईदार की मलाच रेघ सापडेना. हात चांगले आहेत माझे. त्या हातांचीच शिसारी येतेय.

गल्लीतून एक चक्कर मारली. नवे ब्रेक लोण्यासारखे लागतात. वळणावर अशी चिकटून जाते की काय सांगू — इतकी वर्षं मनात धरलेली गाडी तशीच निघाली! आणि रस्त्यात जरा खड्डा आला की माझे कान सीटखाली लागतायत.

परत आलो तर अंगणात लाल बादली नव्हती. कपडे कुठे टाकू, विचारलं. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, टाक कुठेही, आता काय फरक पडतो?

१६ फेब्रुवारी

गिऱ्हाईक आलं. एक नर्स, तिशीतली, ड्यूटी संपवून थेट. भाऊजींनी माझी ओळख करून दिली — माझा मेव्हणा, कारखान्यातली मशिनं याच्याच भरवशावर चालतात, याने पास केली म्हणजे केली. मी पास केली!

तिने घाई केली नाही. दोन्ही दारं उघडून, लावून बघितली. बोनेट उघडायला लावलं. मग आत बसली, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि क्षणभर डोळेच मिटून घेतले. शाळेत असल्यापासून हीच हवी होती, म्हणाली. भाऊजी तिला इंजिनाचं काहीतरी सांगत होते. त्यांना मध्येच थांबवून तिने मला विचारलं, "आईला डोंगरातल्या रस्त्याने न्यावं लागतं मला. नेऊ ना हिच्यातून?"

मी म्हणालो, "ब्रेक नवे आहेत."

खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त घाण.

काही विचारायचं झालं तर असू दे, म्हणून तिने माझा नंबर घेतला, तिचा दिला. येत्या रविवारी न्यायला येणार.

१७ फेब्रुवारी

नर्सचा नंबर दोनदा काढला, लावला नाही.

२० फेब्रुवारी

कारखान्याच्या मागच्या जिन्यात उभा राहून नर्सला फोन केला. सगळं सांगितलं. रेघ, हिरवा, पांढरा. पट्टी मीच मारली, तेही. ती ऐकत राहिली. मागे ट्रॉलीची चाकं कुरकुरत होती, कुणीतरी तिला हाका मारत होतं. मग एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हालाच विचारलं होतं."

हो, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चार शिव्या घातल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. तिने शांतपणे फोन ठेवला. तोंडात कडू चव आहे, ती अजून गेली नाही.

२१ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन. नर्स फिरली म्हणे. बायकांचं असंच असतं. पण काळजी करू नकोस, दुसरा तयार आहे, लांबच्या गावचा, नुसत्या फोटोवर घेतोय. पोराला वाढदिवसाला द्यायची आहे. परवा ट्रक येईल.

ती का फिरली असेल, हे त्यांनी मला विचारलंही नाही. मी असलं काही करू शकेन, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. माझी एवढीच किंमत.

आणि तो पोरगा कोण, किती वेगाने चालवणार — हे मी आता रोज मनात बघत बसायचं?

२२ फेब्रुवारी

कापली.

सकाळीच पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी काढली, खालचा शाफ्ट सोडवला, पुढे-मागे टेकूला लोखंडी घोड्या लावल्या. मग ग्राइंडर. मीच मारलेल्या पट्टीवरून, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत. जळक्या रंगाचा वास, पुट्टीची धूळ नाकातोंडात, ठिणग्यांनी बाही जळाली. बायको दारात उभी होती. मध्येच आत गेली आणि पाण्याची बादली भरून आणून ठेवली, आग लागली तर असू दे म्हणून. शेवटचा खांब सुटला तशी मागची बाजू घोड्यांवर जराशी कलली. फार आवाजसुद्धा झाला नाही.

भाऊजी संध्याकाळी आले, ट्रकचं सांगायला. दोन्ही तुकड्यांभोवती एक चक्कर मारली. मग विचारलं, हे काय केलंस?

"अर्धी माझी होती," मी म्हणालो. "पुढची की मागची ते ठरलं नव्हतं. म्हणून मधून कापली."

त्यांनी शेडच्या दाराला लाथ घातली. तुझ्या ताईला आता तूच उत्तर दे, म्हणाले, आणि गेले.

ताईला फोन लावतोय, लागत नाही. आता सगळा राग तिच्यावर निघणार. काय करून बसलो मी? बायको म्हणतेय, सकाळी उठल्या उठल्या दोघंही जाऊ तिच्याकडे.

२३ फेब्रुवारी

जावं लागलं नाही. सकाळी दार उघडलं तर ताई उभी. हातात मोठी बॅग, पायात घरातल्या चपला. आधी ती कापलेली गाडी दाखव, म्हणाली. आत गेली आणि दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तू गुपचूप पट्टी मारून दिलीस, हे ते हसत हसत सांगत होते. घर सोडायला म्हणून भरलेली बॅग मी त्या दिवशी परत माळ्यावर टाकली. म्हटलं, आता जायचं तरी कुणाकडे?"