हळदीच्या त्या टोकाला बोललेलं

पुसेगाव, ता. सेनगाव
१९ मार्च, भर दुपार

आदरणीय मंजुळाअक्का हिस धाकटा भाऊ रविंद्र याचा मानाचा जय भीम. मी आणि तुझी भावजय सरिता इकडे खुशाल आहोत. तुझे गुडघे, सुरज, सूनबाई आणि कुंडीतली मिरची (याच क्रमाने) कसे आहेत ते कळव. माझी प्रकृती उत्तम आहे, स्वभावाला मात्र अजून औषध सापडलेलं नाही (हे वाक्य सरिताचं, घरात शांतता राहावी म्हणून घातलं).

पत्रास कारण की, अकरा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. सुरजकडून कळलं की त्याची बदली बंगळुरूला झाली, तुला तिकडे जायचं नाही, आणि तू एक तारखेपासून पुण्यातच एक खोली घेऊन एकटी राहणार आहेस. कारण काय, तर गावाकडे रवीला मी नको आहे, असं तू त्याला म्हणालीस. अक्का, हे ऐकलं आणि लगेच कागद-पेन घेऊन बसलो. पण यात चूक माझी नाही, आवाजाची आहे. ती कशी, ते जरा लांबून सांगावं लागेल.

शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातली की ती दिवसातून दोनदा उलटावी लागते. आपलं खळं या टोकापासून त्या टोकापर्यंत साठ पावलं. हात पिवळे, त्यामुळे सरिता फोनला हात लावू देत नाही (मागच्या वर्षीचा फोन शेवटी शेवटी नवरदेवासारखा दिसत होता). म्हणून मी फोन या टोकाला पालथ्या घमेल्यावर ठेवतो, स्पीकर लावतो आणि दाताळ्याने हळद उलटत, बोलत बोलत पुढे जातो. जाताना माझा आवाज बारीक होत जातो, येताना मोठा होतो, हे मला कसं कळावं? मला तर माझा आवाज सगळीकडे सारखाच ऐकू येतो! तू तीस वर्षं शाळेत शिकवलंस, पहिल्या बाकाला आणि शेवटच्या बाकाला एकाच पट्टीत. तो गुण आपल्या घरात एकालाच मिळाला.

उपाय केले नाहीत असं नाही. फोन स्टीलच्या डब्यात ठेवून पाहिला, तर तू म्हणालीस, रव्या, विहिरीत पडला का काय? सुरजने कानात घालायचं बिनवायरचं यंत्र पाठवलं. ते दुसऱ्याच दिवशी हळदीत पडलं. आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून तीन ओळी चाळल्या, सापडलं नाही (यंदा आपली हळद मोंढ्यात, भर लिलावात बोलायला लागली तर तू तरी दचकू नकोस). मग हिंगोलीला जाऊन दुकानदाराला फोन दाखवला. त्याने तो हलवला, फुंकला, स्वतःच्या मेहुण्याशी दहा मिनिटं बोलून पाहिला आणि म्हणाला, माइक तो बराबर है चाचा, आप एक जगह बैठते क्यों नहीं? बसलो असतो गं, पण हळद कोण उलटणार?

आता त्या दिवसाचं. तू विचारलंस, रवी, मी कायमची तिकडंच येऊ का? मी तेव्हा घमेल्यापाशी होतो. माझी खोड तुला माहीत आहे, गोड बोलायच्या आधी मला चिडवायला लागतं. म्हणालो, काहून? पुण्यात काय कमी पडून राहिलं तुला? इथं लाईट असली तर पाणी न्हाई! आणि दाताळं घेऊन निघालो. ऊन असं पिवळं पडलं होतं की जमीन कुठे संपते आणि हळद कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. वरून पोपटांचा थवा गेला, त्यांची सावली हळदीवरून सरकली. आणि त्या टोकाला पोचून मी तुला सगळं सांगितलं. उगवतीची खोली तुझी. सकाळचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी येऊन थांबतं, पुढे येत नाही, तुला त्रास नाही. दुपारी तू पेपर मोठ्याने वाचायचा, आम्ही तूर निवडत ऐकायचं. संध्याकाळी तिघांनी बांधावर बसायचं आणि काही म्हणजे काही बोलायचं नाही. हे सांगून मी समाधानाने परत आलो, घमेल्यापाशी पोचता पोचता म्हणालो, आन मच्छर बी लय हायेत बरं का, आणि पाहतो तो तू फोन ठेवलेला.

म्हणजे बघ, थट्टा तेवढी तुला खणखणीत ऐकू आली आणि खरं बोलणं साठ पावलांवर राहिलं. आता तूच न्याय कर. सूनबाईस आशीर्वाद.

तुझा
रविंद्र

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र सरिताला वाचून दाखवलं. त्या दिवशी ती त्याच टोकाला हळकुंडं निवडत बसली होती, हे मी साफ विसरलो होतो. ती म्हणते, "काहून खोटं लिहून राहिले? तिथं तुमी एक शबूद बोलले न्हाई. दाताळ्यावर हनुवटी टेकून उभे होते, एकटेच हसून राहिले होते." मी बराच वेळ आठवून पाहिलं. ती बराबर सांगते. मी ते सगळं मनातल्या मनात बोललो होतो, आणि इतकं स्पष्ट की मला वाटलं पुण्याला पोचलं. फोनचा काही दोष नाही.

आणखी एक. ती खोली घेऊ नकोस. इकडे ये, कायमची ये. (सरिता विचारते, एवढंच होतं तर तीन पानं कशाला? तिला काय सांगू. मोठ्या बहिणीला 'तू मला हवी आहेस' असं मी आजवर कुठल्याच टोकावरून म्हटलेलं नाही, मला लाज वाटते.)