डिंपलचा लॅपटॉप फास्ट करण्याबाबत

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.४०
हात साबणाने धुऊन, पुसून, धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपसमोर बसलो आहे. डिंपलचा शुक्रवारी अकराला ऑनलाइन इंटरव्ह्यू. पुण्याची कंपनी, काम मात्र इथूनच, चोपडा गावातल्या घरी बसून. तयारीच्या नोट्स लॅपटॉपमध्ये. तो सुरू व्हायला चार मिनिटे लावतो. कंपनी थांबेल का?
उपाय : बाहेरच्या ड्राइव्हवरून नवी, हलकी सिस्टिम सुरू करणे. जुन्या सिस्टिमला धक्का नाही. धोका शून्य. मित्र भूषणकडून ड्राइव्ह आणला, फाइल डाउनलोड करून त्यात टाकली.
डिंपल म्हणाली, भाऊ, चालू आहे ना, मग चालू दे. शिकलेल्या माणसांना बदलाची फार भीती.

मंगळवार, ११
ड्राइव्हवरून सुरू होत नाही. लाल चौकट : सिक्युरिटीमुळे परवानगी नाही. सिक्युअर बूट नावाचे कुलूप आहे म्हणे. म्हणजे घरच्याच माणसाला घरात मज्जाव!
नानांनी विचारले, काय करतोस? कुलूप काढतोय म्हणालो. म्हणाले, "कुलूप काढीसन घर पयस का रे?" घर नव्हे, लॅपटॉप पळवायचा आहे. पण सांगणार कोणाला, वडील आहेत.
दुपारी सेटिंग सापडली. बंद केली. नीट बंद झाली का अशी शंका आली, म्हणून चालू करून पुन्हा बंद केली.

बुधवार, १२
ड्राइव्हवरून अजूनही नाही. असो, जुनी सिस्टिम आहेच, म्हणून ड्राइव्ह काढून टाकला.
आता निळा पडदा. अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतो. सिक्युरिटीत कोणीतरी बदल केला आहे म्हणतो. कोणीतरी!
डिंपल म्हणाली, जे बंद केलं ते परत चालू करून बघ ना. भाबडी आहे. एकदा पुढे टाकलेले पाऊल मागे घेतले तर प्रगती कशी होणार?

गुरुवार, १३
लॅपटॉप धुळ्याचा. अकाउंट दुकानदार रुपचंदशेठ यांनी उघडून दिले होते. फोन केला. म्हणाले, आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांचे अकाउंट जावयाच्याच मेलवर उघडतो, तुमची की तिथेच असेल. जावई सुरतेला. फोन उचलत नाही.
डिंपल अर्धीच भाकरी खाऊन उठली. आई म्हणाली, "तुले कोनी सांगं व्हतं रे?" पुढाकार सांगून घेत नसतात.
उद्या लॅपटॉप घेऊन पहिल्या एसटीने धुळे. साडेदहाला की मिळवून फोनवर डिंपलला नोट्स वाचून दाखवणार. प्लॅन पक्का.

शुक्रवार, १४. धुळ्याहून परतल्यावर
दुकान अकराला उघडते. हे पाटीवर लिहायला हवे. (लिहिले आहे, पण बारीक.)
रुपचंदशेठनी की मागितलीच नाही. ते सिक्युअर बूट परत चालू केले. लॅपटॉप सुरू झाला. डिंपलही हेच म्हणाली होती, पण जाणकार हाताची गोष्ट वेगळी.
सव्वाअकराला डिंपलला फोन लावला. उचलला नाही. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून त्यावरच इंटरव्ह्यू देत होती, असे आईने नंतर सांगितले.

शनिवार, १५
डिंपलची निवड झाली!
इंटरव्ह्यूत कंपनीच्या मॅडमनी विचारले, ऐनवेळी अडचण आली तर काय करता? तिने माझा सोमवार ते शुक्रवार सांगितला. मॅडम इतक्या हसल्या, की शेजारच्या सरांना बोलावून पुन्हा सांगायला लावले. म्हणजे निवड माझ्यामुळे. तसे म्हणून दाखवले. डिंपल म्हणाली, "हो भाऊ, तुझ्यामुळेच. पण आता बस."
भूषण ड्राइव्ह न्यायला आला. उघडून बघत म्हणाला, "अरे, फाइल नुसती कॉपी करून चालते का? आधी ड्राइव्ह तयार करावा लागतो. सिक्युरिटी काय, तू दरवाजा उपटून ठेवला असता तरी हे सुरू झालं नसतं." त्याला चहा पाजला.
नानांचा हुकूम : आजपासून मिक्सरलाही हात लावायचा नाही.

खर्च : एसटी जाऊन-येऊन २९०. रुपचंदशेठ ३००. भूषणचा चहा-फरसाण २०. एकूण ६१०.
देणे : डिंपलला ६००.
पदरचे : १०.