पानगळीच्या पार्टीचं वेळापत्रक

१२ ऑक्टोबर, सोमवार

ठरलं! २४ तारखेला चार वाजता आमच्या अंगणात पानगळीची पार्टी. नवऱ्याच्या मुलीच्या, मुंगीच्या, वर्गातली अकरा पोरं. कल्पना माझी, धास्तीही माझीच.

ताई — नवऱ्याची थोरली बहीण — आज सकाळी स्पष्टच बोलल्या. "आठ महिने झाले लग्नाला. पोर अजून तुला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. पार्टीपर्यंत थांबते. तोवर रुळली नाही तर माझ्याकडे घेऊन जाते." वर, "राग मानू नकोस." कसा मानू? मुंगीची आई गेल्यावर दोन वर्षं त्यांनीच तिला सांभाळलं. त्यांनी घातलेल्या वेण्या संध्याकाळपर्यंत टिकतात. मी घातलेल्या शाळेत पोहोचेपर्यंत सुटतात.

नवऱ्याला विचारलं, मुलगी तुझी, तू काय म्हणतोस? म्हणाला, "बघू." ह्याचं सगळं आयुष्य "बघू"वर चाललंय!

१४ ऑक्टोबर

डेपोत दिवसभर गाड्यांचं वेळापत्रक लावते, त्याच कागदाच्या पाठीवर पार्टीचं लावलं. ४.०० पानांचे ठसे. ४.२५ पानांच्या ढिगातले अक्रोड शोधणे. ४.४० संगीत खुर्ची. ५.०० पकडापकडी, भोज्या — अंगणातलं झाड. भोज्याला हात लावला की कुणी पकडायचं नाही, एवढा एकच नियम पोरं पाळतात म्हणे.

शेजारच्या टेबलावरचे कारकून डोकावून म्हणाले, "आणि शू कितीला?" सगळे हसले. घरी येऊन खरंच पाच मिनिटं घातली.

१७ ऑक्टोबर

मुंगीबरोबर पानं गोळा केली. दोन पोती! तासभर मी एकटीच बडबडले, ती नुसती "हं". पण प्रत्येक पान आधी मला दाखवायची, मग पोत्यात. लाल, पिवळं, किड्याने भोकं पाडलेलं. ताई खिडकीत होत्या का त्या वेळी? असाव्यात, असं वाटतं.

१८ ऑक्टोबर

जेवताना मुंगी पकडापकडीचे नियम सांगत होती. पहिलं राज्य कुणावर, कोण किती पळणार. मी गमतीत विचारलं, "आणि मी?"

ताटातून वर न बघता म्हणाली, "तुम्ही लिंबूटिंबू."

लिंबूटिंबू! खेळात घ्यावं लागतं म्हणून घेतलेलं पिटुकलं पोर. त्याने नुसतं पळायचं. त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद झालं तरी कुणी मोजत नाही. नवरा खो खो हसला. ताई हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं. राग तिचा नाही आला. ह्या घरातली माझी जागा इतकी नेमकी मला स्वतःलाही सांगता आली नसती.

२१ ऑक्टोबर

मुंगीचे स्वेटर ताईंच्या बॅगेत. नीट घड्या घालून, लाल सगळ्यात वर. पाहिलं.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

कामावरून आले तर झाड नाही! घरमालकांनी कापून टाकलं. "पानांनी गटार तुंबत होतं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं." बुंध्यावर ओंडके रचलेत, आणि पोरांनी तिकडे फिरकायचं नाही अशी वर ताकीद! मुंगी पायरीवर बसलेली.

ताई म्हणाल्या, "पकडापकडी राहू दे आता. नाहीतरी..."

"नाही! होणार म्हणजे होणार!" आठ महिन्यांत त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला.

"पण भोज्या काय?" मुंगीने विचारलं.

"बघू," म्हणाले मी. लागली नवऱ्याची सवय! कागदावरचं "झाड" खोडलं. पुढे काय लिहावं सुचेना, जागा तशीच सोडली.

२४ ऑक्टोबर

ठसे, अक्रोड, खुर्च्या — सगळं तीन मिनिटं उशिराने का होईना, झालं. पकडापकडीत पोरांनी ओढून ताईंवरच राज्य दिलं. भोज्या ठरवायचा राहिलाच! ताई बाह्या सरसावून मुंगीच्या मागे. मी दारात, हातात सरबताचे पेले. मुंगी वळली, सरळ माझ्यावर येऊन आदळली आणि कमरेला मिठी मारून ओरडली, "भोज्या!"

सरबत माझ्या अंगावर, पेले पायरीवर. ताईंचा हात तिच्या वेणीपर्यंत आला होता. तिथेच थांबला. धापा टाकत त्यांनी आमच्याकडे पाहिलं, सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"बरं बाई," म्हणाल्या, "नाही नेत."