मोकळं कपाळ

५ जानेवारी
निपाणीत हजर झाले! बेळगावच्या कचेरीतली फायलींची धूळ सुटली, आता खरा तपास. खोलीही झकास मिळाली, मागच्या दारी शेवगा. घरमालकीण तानीमावशी एकटीच असते. आल्या आल्या गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा! हवालदार भरमूअण्णांनी प्रकरण समजावलं. सीमेलगतच्या उसाच्या फडांत तीन बायका मेलेल्या सापडल्यात. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, अंगावर ओरखडा नाही. विषाचा संशय आहे. ओळख एकीचीही पटलेली नाही.

९ जानेवारी
शुक्रवार म्हणून मावशी कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि मी नकळत मागे सरले. झालं, पितळ उघडं पडलं. सौरव गेल्यापासून मी कचेरीत टिकली लावून जाते, इथं नवरा बेळगावात असतो म्हणून सांगते. तरुण विधवा म्हटलं की जो तो शहाणपण शिकवायला मोकळा. मावशी रागावली नाही. म्हणाली, माझी लेक बी अशीच मोकळ्या कपाळानं गेली गं, लई जीव तुटतो. मलाही रडू आलं. मन हलकं झालं, खोटं कशाला बोला.

१३ जानेवारी
सापडलं! सीमेपलीकडच्या ठाण्यांतली बेपत्ता बायकांची वर्णनं मागवली. उंची, गोंदण, सगळं जुळतं. पण तिघीही विधवा! घरच्यांनी कुंकू नाही, बांगड्या नाहीत असं सांगितलेलं, म्हणून सवाष्णींच्या प्रेतांशी कुणी ताडून पाहिलंच नाही. मारणारा आधी त्यांना सवाष्ण करतो. भरमूअण्णांनी कपाळाला हात लावला. व्हय की ओ म्याडम, आमी उलटंच हुडकत बसलो, म्हणाले. यापुढं या प्रकरणात बेपत्ता बायकांपैकी फक्त विधवा धरायच्या, असं मी त्यांना बजावलं.

१५ जानेवारी
ताप आहे. घरीच पडून. मावशीनं पेज पाजली, कडू लागली. तिला तपासाचं सांगितलं तर म्हणाली, मग अहेव गेल्या म्हणायच्या, पुण्यवान बाया. किती शांतपणे म्हणाली —

दुपार
पाय हलत नाहीत. फोन चार्जिंगला लावते म्हणून मावशीनं नेला तो — ओरडायला गेले. आवाजच फुटत नाही.

डाव्या हातात बांगड्या भरल्या तिनं. हिरव्या. रडू नगं, तुज्या भल्यासाठीच हाय, म्हणते. डोळे पुसते आहे माझे —

कुंकू. बोट थंडगार —

अण्णा शोधतील. पण त्यांच्या लेखी मी सवाष्ण, या प्रकरणाशी मला जोडणारच नाहीत. फक्त विधवा धरायच्या — मीच बजावलं —

उजवा हात मागते आहे. पेन सोड म्हणते. वही चुलीत —

अण्णा, मी विध