आक्काच्या डोक्यातली सात मिनिटं

कोल्हापूर, १२ फेब्रुवारी २००३

चि. पिराजीस, दाजीचा आशीर्वाद. जयसिंगपुरात पोरंबाळं, म्हस, समदी बरी असतील असं धरून चालतो. तुझ्या आक्काच्या डोक्याचं आपरेशन झालं. घोळका करून येऊ नका, हितं बसायला जागा न्हाय.

डोक्यातली रगताची नळी फुग्यागत फुगलेली, तिला चिमटा लावायचा. त्यासाठी मागनं येणारं रगत सात मिनिटं बंद ठेवणार म्हणाला डॉक्टर. मी म्हटलं, ठेवा की, पाईप फुटला की आमी मोटर बंद करतोच. तर म्हणतो, काका, ऊस आठ दिवस तग धरतो, मेंदू चार मिनिटांत वाळतो. म्हणून आधी मेंदूला औषधानं गाढ झोपवायचा, म्हंजे रगत कमी लागतंय; अंग गार ठेवायचं; आन् ब्लडप्रेशर पडू द्यायचं न्हाय, म्हंजे बाजूच्या नळ्यांतनं थोडं पोचतंय. (एवढ्यासाठी त्यानं तीन कागद रेघोट्या मारून खराब केलं. मला पहिल्यातच कळलं हुतं.) गार ठेवायचं मात्र पटलं न्हाय. नर्सबाईकडं घोंगडं दिलं, तिनं ते दोन बोटांत धरून परत केलं.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरनं इचारलं, मालकांचं नाव काय? आक्का गप्प. परत इचारलं, तर नुसती पदर शोधाय लागली. (पदर कुठला, अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा.) झालं, डॉक्टरांची तोंडं पडली, रगत कमी पडलं, बोलायची जागा दुखावली म्हणं. मी म्हटलं, आवो, चाळीस वर्सांत लग्नातला उखाणा सोडला तर तिनं माझं नाव घेतल्यालं न्हाय, तुमाला बरं सांगंल! खिशातनं किल्ली काढून दाखवली. "किल्ली," म्हणाली, "आन् म्हशीला पाणी कोण दावतंय?" मग सगळी हसली. तवा काळजीचं कारण न्हाय.

तुझा दाजी,
आकाराम

ता.क. घोंगडं मीच पांघरतोय. वऱ्हांड्यात लई गारठा हाय.

आणखी ता.क. वरचं परवाचं. काल दुपारी डॉक्टरनं माझ्याकडं बोट करून इचारलं, हे कोण? "आकाराम." स्वच्छ, मोठ्यानं, पोस्टमननं हाक मारावी तसं. डॉक्टर खूश, माझ्या पाठीवर थाप मारली. मी जिन्यात जाऊन बसलो. आज पुन्यांदा इचारलं, पुन्यांदा तेच. पदर शोधत न्हाय. म्हशीचं इचारत न्हाय. पिराजी, मिळंल त्या यष्टीनं ये. तू तिच्या पाठीवरचा, तिच्यासमोर हुबा ऱ्हा आन् ही तीच हाय का सांग. घोळका आणलास तरी चालंल. जागा मी उठून देतो.