फियाट रहिमतपूरला जाणार आहे

१२ जानेवारी, रविवार
अण्णांचं वर्षश्राद्ध परवा झालं. फियाट आता रीतसर माझ्या नावावर. फिकट निळा रंग, गिअर स्टेअरिंगपाशी, पुढं अख्खी सलग सीट. अण्णा मिलिटरीतून रिटायर होऊन आले आणि पहिलं काय केलं तर ही गाडी घेतली. बरीच वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. टपावर कोंबड्या बसतात. हे आजपासून बंद.
संकल्प: गाडी स्वतःच्या हातानं चालू करायची. पाडव्याला आईला घेऊन रहिमतपूर. अण्णा गेल्यापासून आई माहेरी गेलेली नाही. मानसिंगमामांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, आहे तीही हळूहळू जाईल. मामा फोनवर म्हणाले, "विश्वजित, दिसतंय तवर एकदा दाजींच्या गाडीत बसीव बाबा." अण्णांना गाडी शिकवली ती मामांनीच.
मी शब्द दिला. तोही स्पीकर ऑन ठेवून, सगळ्यांसमोर.

१९ जानेवारी
पलूसहून जोतिबा मेकॅनिक आला होता. बॉनेट उघडून म्हणाला, टोचन करून गॅरेजला नेतो, दोन-तीन आठवड्यांत चालू करून देतो. नको म्हणालो. वडिलांची गाडी आहे, इमोशनल मॅटर आहे. परक्या माणसाचा पाना तिला लागू नये. जोतिबा चहा पिऊन गेला. प्रियदर्शनी म्हणाली, "तुम्ही तर स्कूटरचा प्लगसुद्धा बाहेरून साफ करून घेता." बायकोला प्रत्येक गोष्ट समजावत बसायची नाही, हाही एक संकल्प.

२ फेब्रुवारी
कार्बोरेटर उतरवला. यूट्यूबवरचा माणूस बारा मिनिटांत उतरवतो. मला सकाळपासून जेवणापर्यंत वेळ लागला, पण मी मन लावून काम करतो. पार्ट ओळीनं पुरणाच्या ताटात मांडले. क्रम विसरू नये म्हणून फोटो काढले. फेसबुकवर टाकले: 'रिस्टोरेशन सुरू'. भरपूर लाइक. शाळेतल्या वीरधवलनं 'लीजेंड' लिहिलं. दिवसभर हलकं वाटत होतं.

२३ फेब्रुवारी
ताट पाहुण्यांसाठी लागलं म्हणून प्रियदर्शनीनं पार्ट डब्यात ओतले. क्रम गेला. फोटोत माझा अंगठाच जास्त आलाय. तिला बोललो. ती म्हणाली, तीन आठवडे ताट अडवून ठेवलं होतं. मुद्दा तो नाही.
उंदरांनी वायरिंग खाल्लंय. हे आधी कळलं असतं तर कार्बोरेटर उघडलाच नसता. म्हणजे दोष उंदरांचा.

३० मार्च, पाडवा
गाडी तयार नाही. नव्या वर्षाची सुरुवात घाईगडबडीनं करू नये असं माझं मत आहे. नवी तारीख: अक्षय तृतीया.
आई पहाटेच उठून इरकली नेसून बसली होती. थोड्या वेळानं उठून साधं लुगडं नेसून आली आणि गुढीला नैवेद्य केला.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
सकाळी मामांचा फोन. "निघालासा का?" तोंडून निघून गेलं, इंजिन चालू झालंय, फक्त पॉलिश राहिलंय. मामा म्हणाले, "मग ऐकीव की जरा आवाज."
आता काय करणार. प्रियदर्शनीच्या मोबाइलवर यूट्यूब लावलं, कुणाच्या तरी फियाटचा स्टार्ट व्हायचा व्हिडिओ होता. तो माझ्या फोनजवळ धरला. अधेमधे जाहिरात आली ती दाबली.
मामांनी आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "लय ग्वाड आवाज हाय रं. दाजींच्या वक्ताला जरा खरखरायची."
म्हणालो, ट्यूनिंग केलंय.
आई दारात उभी होती. किती ऐकलं माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. खरं तर हे खोटं बोलणं नव्हे, थोडं आधी बोलणं आहे. गाडी चालू होणारच आहे.
दुपारी आमरस होता. गेला नाही.

१५ जून
शेड गळते. ऑनलाइन मागवलेलं कव्हर आलं. सोबत लेदरचे ड्रायव्हिंग ग्लोव्ह्जही मागवले होते. फिटिंग उत्तम. ते घालून ड्रायव्हर सीटवर बसून फोटो काढला, पण टाकला नाही. मागं कोंबडी आली होती.
चारी चाकं जॅम आहेत. पावसाळ्यात लोखंडाला हात लावू नये असं वाचलं. कुठं वाचलं ते आठवत नाही.

१० ऑगस्ट
मामांचा आवाज उतरलाय. म्हणाले, समोरचं माणूस आता सावलीवानी दिसतंय, बोललं की कळतं कोण हाय ते.
आई म्हणाली, "मी एसटीनं जाऊन येती. दोन दिस ऱ्हाती."
मला राग आला. म्हणालो, एवढ्यासाठी मी राबतोय आणि तू एसटीनं जाणार? अण्णांची गाडी दारात असताना? लोक काय म्हणतील?
आईनं भरलेली पिशवी परत फळीवर ठेवली.
हे लिहिताना बरं वाटत नाही. पण डोक्यावर प्रेशर असलं की माझं काम नीट होत नाही, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं. दसऱ्याला पूजा करून गाडी बाहेर. फायनल.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळ
झेंडूची माळ आणली. गाडी धुतली, म्हणजे वरून. कार्बोरेटर अजून डब्यातच आहे, त्यामुळं पूजा जागेवरच करू. देवाला गाडी हललेली चालते की न हललेली, असा काही नियम नाही.

दुपार
मामा आलेत.
न कळवता, एकटे, एसटीनं. कराडला कुणीतरी हाताला धरून आमच्या कुंडलच्या गाडीत बसवलं. स्टँडवरून घरापर्यंत एक रिक्षावाला घेऊन आला. प्रियदर्शनी शेडमध्ये पळत सांगायला आली. मी म्हणालो, सांग, कराडला पार्ट आणायला गेलाय. ती म्हणाली, दसऱ्याला दुकानं कुठली उघडी? म्हणालो, सांग तर खरं.
नंतर काय करायचं ते ठरवत होतो तेवढ्यात काठीचा आवाज आला. शेडला दार एकच. मी कव्हर उचलून गाडीत शिरलो आणि मागच्या सीटपुढं खाली आडवा झालो.

संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. पण लिहितो.
आईनं कव्हर ओढून काढलं. मामांनी बॉनेटवर हात ठेवला. हळूहळू टपावर, दारावर, आरशावर फिरवला. माळ चाचपली. "सजीवली हाय की," म्हणाले. मग स्वतः दार उघडून स्टेअरिंगवर बसले. "बस बने."
आई शेजारी बसली. तिनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी दिसलो असतो. माझ्या बरगडीत जॅक रुतत होता.
मामांनी गिअर टाकला. तेवढा टाकता येतो. "चल जाऊ या रहिमतपूरला. मला दिसत न्हाई, तू सांग."
मला वाटलं आई म्हणेल, दादा, गाडी बंद आहे. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलं बघ ताकारी. उसाच्या गाड्या लागल्यात, दमानं घे."
मामांनी स्टेअरिंग फिरवलं. चाकं जॅम, त्यामुळं ते जेमतेम हलायचं. पण फिरवलं.
"कराड आलं का?"
"आलं. पुलावर हाईस. दोन्ही नद्या भरल्यात."
"मसूरला थांबायचं का? दाजी थांबायचं च्याला."
"नको. सरळ चल. वहिनी वाट बघत असंल."
मामी जाऊन चार वर्षं झाली. मामांनी स्टेअरिंग तसंच धरून ठेवलं. थोडं पुढं गेल्यावर, म्हणजे थोड्या वेळानं, म्हणाले, "फाटक पडलंय वाटतं." आई म्हणाली, "व्हय. रेल्वे जाऊ दे."
दोघं थांबले. खरोखर थांबले. कोंबडी टपावरून उतरून गेली. मी तोंडावर हात दाबून धरला होता, कारण धुळीनं शिंक येत होती, आणि दुसरंही काही.
फाटक उघडलं बहुतेक. मामांनी परत गिअर टाकला.
"गावचा माळ दिसतोय का गं? हिरवा हाय का?"
"लय हिरवा हाय, दादा. सगळीकडं."
मामांनी स्टेअरिंगवरचे हात काढले. मग मान न वळवता म्हणाले, "मागं कोण हाय त्याला म्हणावं, उठून बस. पाय अवघडलं असतील."
उठून बसलो. नमस्कार केला. मागच्या सीटवरून त्यांच्या पाठीला नमस्कार. त्यांना दिसला नाही, आईला आरशात दिसला. तिनं नजर काढून घेतली.

३ ऑक्टोबर
सकाळी म्हणालो, भाड्याची गाडी सांगतो, आत्ताच, तुम्हा दोघांना घरापर्यंत सोडतो. मी पण येतो. आई पिशवी भरत होती. म्हणाली, "एसटी हाय की."
कधी परत येणार विचारलं. "बघू," म्हणाली.
स्टँडपर्यंत पिशवी मी घेतली. मामांचा हात आईनं धरला होता. गाडी आली. मी आत चढून दोघांना जागा करून दिली, पिशवी वर ठेवली आणि तसाच दांडी धरून उभा राहिलो. कंडक्टर आला. किती जण, म्हणाला.
मी बोलायच्या आत मामा म्हणाले, "दोन."