सुयांच्या खोलीतली वीस मिनिटं

११ फेब्रुवारी

प्रिय ठकी,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईच्या कुंड्यांना कीड लागली होती, ती गेली. शेजारच्यांनी कुत्रं आणलंय, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सोडून माझ्यावरच भुंकतं. जावईबापूंना नमस्कार सांग, ते घेत असतील तर.

माझ्या आधीच्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. ती तुला मिळालीच नसतील, असं मी धरून चाललोय.

लिहायला कारण असं, की माझा उजवा खांदा दुखायला लागलाय आणि त्यासाठी मी अ‍ॅक्युपंक्चर नावाचा प्रकार करून पाहतोय. म्हणजे अंगाला सुया टोचून घ्यायच्या आणि पडून राहायचं. कुणीतरी सुचवलं. चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एका बाईंचा दवाखाना आहे. मी मनातल्या मनात त्यांना सुईवाली म्हणतो. बत्तीस वर्षं मी वजनमापं तपासली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेलं वजन, गिऱ्हाइकाशी गोड बोलता बोलता हळूच टेकणारी करंगळी, सगळं पाहून झालंय. तेव्हा मी त्या दारातून आत गेलो तो खोट शोधायलाच.

आधी भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं. नोंदणी क्रमांक उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारला. खरा निघाला. मग सुया. पाकीट माझ्यासमोर फोडलं, त्यावरची तारीख मी पाहिली. वापरलेली सुई एका पिवळ्या डब्यात जाते, ती परत बाहेर येत नाही. मी डबा हलवून पाहिला. बाईंनी दाबलेलं हसू मला दिसलं.

सुया टोचायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न. झोप कशी लागते, पोट साफ होतं का, दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी, कुठल्या गोळ्या चालू आहेत. जीभ दाखवा. दोन्ही मनगटांची नाडी. मी म्हटलं, "खांदा दुखतोय, जिभेचा काय संबंध?" त्या म्हणाल्या, "नसेलही. पण विचारल्यावाचून मी सुई लावत नाही."

मग मीच उलटतपासणी घेतली. "हे नेमकं चालतं कसं?" मला वाटलं, आता शक्ती, प्रवाह, विश्व वगैरे सुरू होणार. तर म्हणाल्या, "जुन्या ग्रंथांत लिहिलंय की शरीरात वाटा आहेत आणि त्यातून प्राणशक्ती वाहते. मला ती कधी दिसलेली नाही. कुठे टोचायचं ते मात्र त्याच नकाशावरून शिकले. आताचे अभ्यासक म्हणतात, सुई लागली की तिथल्या नसा जाग्या होतात, मेंदूला निरोप जातो आणि दुखणं कमी करणारी द्रव्यं शरीर स्वतःच सोडतं. सगळं उलगडलेलं नाही. लोकांना खोट्या सुया लावूनही प्रयोग झालेत. त्यांनीही बऱ्याच जणांना बरं वाटलं."

ठकी, माझा तराजू थोडा इकडेतिकडे असेल असं स्वतःहून सांगणारा दुकानदार मला सगळ्या नोकरीत दोनदा भेटला. एक सरळ होता. दुसरा इतका पोचलेला होता, की त्याला पकडायला मला चार वर्षं लागली. या बाई त्यातल्या कुठल्या, ते अजून ठरत नाही.

खांदा दाबून पाहिला. म्हणाल्या, "जिथे दुखतं म्हणालात तिथे मी दाबत होते, तेव्हा तुम्ही समोरचं कॅलेंडर वाचत होतात. मानेला नुसतं बोट लावलं तर केवढे दचकलात." सुया मानेला लावल्या, दोन हाताला. एकूण नऊ. मी मोजल्या. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, तेवढंच. मग आत काहीतरी जड होतं, ठणकल्यासारखं, ते पसरतं आणि विरतं. वीस मिनिटं तसंच पडायचं. मी डोळे मिटले होते, झोपलो नव्हतो. काढतानाही नऊ मोजल्या.

सहा वेळा या, म्हणाल्या. चौथ्या वेळेपर्यंत काहीच फरक नसेल तर येणं बंद करा. जागेवर निळसर डाग पडेल, पेंगल्यासारखं वाटेल, उठताना सावकाश उठा. रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. हाताला मुंग्या आल्या किंवा जोर कमी वाटला, तर माझ्याकडे नाही, आधी हाडांच्या डॉक्टरकडे.

तुला या सुयांबद्दल काही माहिती आहे का? सहज विचारतो. आईला काही दुखतंखुपतं का, हे ती तुला कळवते का? मला विचारशील तर तिला काहीच होत नाही.

तुझे
बाबा


३ मार्च

प्रिय ठकी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात मी काही गोष्टी गाळल्या. खांदा दुखत नव्हता. कुणी काही सुचवलंही नव्हतं. मी तुझ्या आईच्या मागावर तिथे गेलो.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती वाचनालयात जाते म्हणून सांगायची. पुस्तक तेच, तीन आठवडे. खूण बत्तिसाव्या पानावरून हलत नव्हती. एकदा चहा देताना तिच्या हातावर अंगठा आणि बोटाच्या मधे लाल ठिपका दिसला. विचारलं तर म्हणाली, "काटा लागला असेल." कुंड्यांत एकही काटेरी झाड नाही. नाही नाही ते मनात आलं माझ्या. काय काय ते लिहीत नाही, माझीच मला लाज वाटते. एका मंगळवारी तिच्या मागोमाग गेलो. ती चष्म्याच्या दुकानाशेजारचा जिना चढली. समोरच्या फुटपाथवर छत्रीच्या दुकानात मी पन्नास मिनिटं छत्र्या उघडून मिटत होतो. दुकानदार कंटाळला. मग वर जाऊन पाटी वाचली आणि स्वतःसाठी वेळ घेतली, बुधवारची, तिच्याशी गाठ पडू नये म्हणून.

पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं, "साठीच्या एक बाई येतात का, हिरवी पिशवी घेऊन?" त्या म्हणाल्या, "इथे कोण येतं ते मी कुणाला सांगत नाही. तुम्ही येता तेही सांगणार नाही." दुसऱ्यांदा वेगळ्या वाटेने विचारलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा त्यांनी सुईचं पाकीट हातात धरलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला उपचार हवाय की माहिती? माहिती इथे मिळत नाही." मी पालथा झालो.

एक कबूल करतो. मान हलते आता. गाडी मागे घेताना मी अख्खा वळायचो, आता मान वळते. याचा मला रागच आला.

पण माहिती मिळत नाही म्हटल्यावर मला चैन पडेना. गेल्या शुक्रवारी मी मुद्दाम तिच्या वेळेनंतरची वेळ घेतली. बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडलं आणि तुझी आई बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी, चेहरा कसा, तर तू लहानपणी दुपारची झोपून उठायचीस तसा. मग तिने मला पाहिलं आणि तो चेहरा मिटला. ठकी, तो मिटताना मी पाहिला.

ओरडली नाही. चप्पल घातली, पिशवी उचलली आणि म्हणाली, "तुमचा नंबर आलाय वाटतं. जा."

आणि मी गेलो! पालथा पडलो, सुया लागल्या, बाई पडदा ओढून गेल्या, आणि जिना उतरणाऱ्या तिच्या चपलांचा आवाज माझ्या कानात घुमायला लागला. मानेत सुया, उठायची सोय नाही. मी हाका मारल्या. "काढा, आधी काढा!" बाईंनी शांतपणे काढल्या, एकेक. मी त्या दिवशी मोजल्या नाहीत. सावकाश उठा म्हणाल्या ते ऐकलं नाही, धावलो, आणि जिन्याच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली. मटकन खाली बसलो.

ती खाली दाराशीच उभी होती. वर आली, पिशवीतली पाण्याची बाटली दिली आणि एक पायरी सोडून बसली. माणसं आमच्यामधून वाट काढत वरखाली करत होती.

"केव्हापासून पाळत आहे?" तिने विचारलं.

"महिना झाला."

"मी इथे येते हे कसं कळलं?"

"मागे आलो."

"आत्ताच बरोबर मागे आलात? त्याआधी दोन वर्षं मी खरोखर वाचनालयात जात होते, तेव्हा नाही आलात ते?"

आता ती गोष्ट, जी मी वरही टाळली. पुस्तकातली खूण आणि हातावरचा ठिपका नंतर दिसले. त्याआधी तुझं पत्र आलं होतं, जानेवारीतलं. आईच्या नावाचं. फोन दिवाणखान्यात आहे आणि शेजारच्या खुर्चीत मी असतो, म्हणून तुम्ही दोघी पत्रं लिहिता, हे मला ठाऊक आहे. मी ते किटलीच्या वाफेवर उघडलं आणि परत चिकटवलं. तू लिहिलं होतंस, 'तुझ्या डोकेदुखीसाठी त्या बाईंकडे जाऊन बघ, डॉक्टरांनी मेंदूत काही नाही म्हणून सांगितलंय ना, मग हे करून बघायला हरकत नाही. आणि आई, बाबांना सांगू नकोस.' मला डोकेदुखी दिसलीच नाही. शेवटचं वाक्य तेवढं दिसलं.

ते पहिलं पत्र नव्हतं. तुझ्या लग्नाआधीचीही मी उघडली होती, तेव्हाच्या तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची. त्याच्या ऑफिसात जाऊन त्याच्या साहेबाला मी जे प्रश्न विचारले ते त्यातूनच निघाले होते. तुला हे माहीत होतं. मी कबूल केलं नव्हतं. करतो.

आईला सगळं सांगितलं, तिथेच जिन्यावर. तिने बाटलीचं झाकण लावलं. मी विचारलं, "डोकं थांबलं का?"

"आठवड्यातून तीनदा दुखायचं, आता एकदा. कधी तेही नाही."

"म्हणजे सुया लागू पडतात."

"सुया का काय ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "त्या बाई पडदा ओढतात आणि जातात. वीस मिनिटं मला कुणी काही विचारत नाही. कुठे गेले होते, कोण भेटलं, इतका वेळ का लागला. काही नाही. अहो, चाळीस वर्षांत एवढी वीस मिनिटं मला कधी मिळाली नव्हती."

मी तिची पिशवी उचलली आणि आम्ही घरी आलो. तुला काय लिहू?

बाबा


२१ मार्च

प्रिय ठकी,

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावर आईचं नाव होतं. मी ते तिच्या हातात दिलं आणि बागेत जाऊन बसलो. खरं सांगायचं तर दहा पावलं टाकायला बराच वेळ लागला. नळ सुरू केला, बंद केला. तिने आत काय वाचलं मला माहीत नाही. जेवताना ती म्हणाली, "पोरीने बोलावलंय. मी जाते." एवढंच. माझ्या तोंडात पंधरा प्रश्न तयार होते. मी वरण मागितलं.

डॉक्टरीणबाईंकडची माझी सहावी खेप काल झाली. म्हणाल्या, मान सुटली आहे, आता गरज वाटली तरच या. मी म्हटलं, "मी पहिल्या दिवशी खोटं दुखणं घेऊन आलो होतो." त्या म्हणाल्या, "खांद्याचं खोटं होतं. मानेचं खरंच होतं." मग मी विचारलं, उगाच संशय येणाऱ्या माणसाला कुठे टोचतात? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला सुई नाही. त्याचं दुखणं त्याच्या घरच्यांना होतं." मी पायऱ्या सावकाश उतरलो.

आई उद्या सकाळच्या गाडीने निघतेय, हे पत्र तिच्याच हाती देतोय. पाकीट बंद आहे. तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. डोकं दुखलं तर तिला अंधाऱ्या खोलीत पडू दे आणि पडदा ओढून घे. तिकीट तिचं तिने काढलं. परतीची तारीख मी विचारलेली नाही, आणि ती परत येणार आहे का, हेही नाही. तूही मला कळवू नकोस. सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, नाहीतर नाही.

न विचारता वाट पाहणारा,
तुझा बाप